समासातली सही

मनोरमा केळुसकरांना भाईंदरच्या कॉलेजात सगळे ‘बाई’ म्हणत. प्राचार्य तेवढे ‘मॅडम’ म्हणायचे, पण गडबडीत असले की त्यांच्याही तोंडून ‘बाई’च निघायचं. तेवीस वर्षं त्या तिथे ग्रंथपाल होत्या. गिरगावातली दीड खोली सोडून नवऱ्याबरोबर भाईंदरला राहायला आल्या, तेव्हा कॉलेज नवीन होतं आणि लायब्ररी म्हणजे जिन्याखालची दोन लोखंडी कपाटं होती. तिथून त्यांनी ती पहिल्या मजल्यावरच्या लांबलचक हॉलपर्यंत आणली. दाखल क्रमांक घातल्याशिवाय पुस्तक कोणाच्या हातात द्यायचं नाही, अगदी प्राचार्यांच्याही नाही, हा त्यांचा नेम होता.

हा सगळा पसारा त्यांच्याबरोबर सांभाळला तो धर्माजी भोईर यांनी. धर्माजी गोडदेव गावचे. वाडवडील मिठागरात राबलेले, स्वतः चौथी शिकलेले, आणि कॉलेज सुरू झालं त्या वर्षापासून लायब्ररीत शिपाई. मराठी ते सावकाश पण नीट वाचत. इंग्रजी येत नव्हतं, पण इंग्रजी नियतकालिकांचे बाइंड केलेले खंड त्यांना रंगावरून आणि जाडीवरून पाठ होते. “धर्माजी, रसायनचं चौऱ्याण्णव,” एवढं म्हणायचा अवकाश, की ते न बघता मागे हात घालून नेमका तोच खंड काढत.

त्यांना चीड एकाच गोष्टीची होती. परीक्षा जवळ आली की मुलं ब्लेडने पानं कापून न्यायची. असा कोणी सापडला की धर्माजींचा आवाज खालच्या ऑफिसपर्यंत ऐकू जायचा. “पान काय तुझ्या बापाचा हाय? मागून येनाऱ्याचा हाय तो!”

त्यांची मुलगी संजना याच कॉलेजात शिकली. वनस्पतीशास्त्राचे शशिकांत सर मिठागरांच्या बांधावर आणि खाडीकाठी उगवणाऱ्या झाडाझुडपांचा अभ्यास करत होते. संजना त्यांच्याबरोबर चिखलात उतरायची आणि संध्याकाळी एकेक डहाळी आणून बापापुढे टाकायची. “बाबा, याला आपल्यात काय म्हणतात?” धर्माजी वास घेऊन, पान चावून नाव सांगायचे. अशी सतरा नावं जमली. सरांनी आणि तिने मिळून लेख लिहिला, आणि २००१ साली तो एका इंग्रजी नियतकालिकात छापून आला. भोईरांच्या सात पिढ्यांत कोणाचं नाव प्रथमच छापलं गेलं होतं.

बाईंनी त्या लायब्ररीत एक रीत पाडली होती. कॉलेजातल्या कोणाचंही लिखाण छापून आलं, की त्याने त्या अंकात, आपल्या लेखाच्या समासात, सही करायची. एरवी पुस्तकावर पेन्सिलची रेघ दिसली तरी दंड होता, म्हणून या सहीचं मोल मोठं. तेवीस वर्षांत जेमतेम नऊ सह्या झाल्या. संजनाची सातवी.

ती सही करायला आली तेव्हा बाईंनी स्वतःचं शाईचं पेन दिलं होतं. छापील नाव होतं ‘एस. डी. भोईर’, तेही इंग्रजीत. तिने ते पाहिलं आणि डाव्या समासात मराठीत, लपेटी न मारता, शाळेतल्यासारखं गोल अक्षरात पूर्ण लिहिलं: संजना धर्माजी भोईर.

“सही अशी करतात होय गं?” बाई हसून म्हणाल्या.

“बाबांना वाचता यायला पाहिजे ना, बाई.”

शेजारी फडकं हातात घेऊन उभ्या असलेल्या धर्माजींनी ते वाचलं. एकदा मनात, एकदा ओठ हलवून. मग ते घाईघाईने पलीकडच्या रॅककडे निघून गेले. वर्षअखेरीला तो अंक बाइंडिंगला गेला, तेव्हा बाईंनी त्यात चिठ्ठी घालून पाठवली होती, ‘या पानाचा समास कापू नये.’

दोन वर्षांनी, शिमग्याच्या चार दिवस आधी, काशीमीऱ्याच्या नाक्यावर रस्ता ओलांडताना संजनाला ट्रकने उडवलं. तेविसावं सरून चोविसावं लागलं होतं. दिवस घातल्यावर धर्माजी कामावर आले आणि त्यांनी नेहमीसारखं फडकं हातात घेतलं. तिच्या वह्या त्यांनी खालच्या वर्गांतल्या मुलींना देऊन टाकल्या. ठेवून काय करायच्या, मागून येणाऱ्यांना उपयोगी पडतील, असं त्यांचं म्हणणं. प्रमाणपत्रांवर, फॉर्मांवर सह्या होत्या त्या इंग्रजीत, आखूड. तिच्या हातचं पूर्ण नाव उरलं ते त्या हिरव्या पाठीच्या खंडात.

कधीमधी दुपारी हॉल रिकामा असला की ते तो खंड काढून उभ्याउभ्याच उघडत आणि क्षणभराने परत ठेवत. बाई टेबलावरून पाहत आणि पाहिलं नाही असं दाखवत. त्याबद्दल दोघं कधी बोलले नाहीत.

२००७ साली कॉलेजची तपासणी व्हायची होती. समितीला लायब्ररीत संगणक हवे होते आणि इलेक्ट्रॉनिक डेटाबेस हवा होता. त्याच्या तीन दिवसांच्या शिबिराला बाईंना पाठवलं गेलं. तिथे त्या वयाने सर्वांत मोठ्या होत्या, आणि शंकाही त्यांच्याच सर्वांत जास्त. ‘आणि’ घातलं की शोधाचा घेर आवळतो, ‘किंवा’ घातलं की पसरतो, दोन शब्द अवतरणात घातले की एकमेकांचा हात सोडत नाहीत, लेखकाचं आडनाव आधी आणि नावाची अक्षरं मागून, असं सगळं त्यांनी शंभर पानी वहीत उतरवून घेतलं. परत आल्या त्या हरखूनच. कारण जन्मभर त्यांनी हेच केलं होतं. आलेला प्रत्येक अंक चाळायचा, कोणता लेख कशाबद्दल आहे ते कार्डावर लिहायचं, कार्ड विषयाच्या खणात लावायचं. इथे तेच काम हजारो माणसांनी करून ठेवलेलं होतं, आणि लेखच्या लेख समोर उघडत होता.

इशिता नावाची तिसऱ्या वर्षाची चुणचुणीत मुलगी त्यांना म्हणाली, “पण मॅडम, गूगलवर मिळतं ना सगळं? फिर इसकी क्या जरूरत?”

“तू केबिन रोडच्या बाजारात उभी राहून ‘पांढरी साडी’ म्हणून ओरडलीस तर काय होईल?”

“दस जण धावत येतील.”

“आणि त्यात एक मच्छरदाणीवालाही असेल. हे तसं नाही. इथे आधी कोणीतरी प्रत्येक गोष्ट हातात घेऊन पाहिली आहे, जिथल्या तिथे लावली आहे. फक्त मागायचं कसं ते कळायला हवं.”

कारकून गुणवंत मात्र थट्टेवारी नेत होता. “बाई, हे सगळे रॅक गेले तर धर्माजी फडकं कशाला मारणार?”

“तुझ्या टकलाला,” धर्माजी पलीकडून म्हणाले. “तो बी चकचकीत ठेवीन. तपासनीला दाखवाया.”

संगणकांना भिंत हवी होती. ती भिंत नियतकालिकांच्या खंडांनी भरलेली. प्राचार्यांनी सांगितलं, जे संगणकावर मिळतंय ते रद्दीत काढा. बाईंनी घाई केली नाही. तीन संध्याकाळ बसून त्यांनी डेटाबेसची यादी आणि आपली यादी ताडून पाहिली. नाव, वर्ष, खंड, अंक, पहिलं पान, शेवटचं पान. जिथे एक अंकही कमी दिसला तो खंड ठेवला. बाकी एकशे अडतीस खंडांची यादी झाली. यादीत चूक नव्हती. अशा कामात त्यांची चूक होतच नसे.

दिवाळीच्या सुटीत खंड खाली न्यायला सुरुवात झाली. तिसऱ्या दिवशी धर्माजी टेबलापाशी येऊन उभे राहिले. हातात तो हिरव्या पाठीचा खंड होता. त्यावर ‘रद्द’चा जांभळा शिक्का बसला होता.

“बाई, यो बी जानार?”

बाईंनी यादीतून मान वर केली. कोणता खंड ते त्यांनी ओळखलं. त्यांना तो लेख आठवला, संजना आठवली. पण त्या तीन दिवसांत डोळ्यांपुढे सारखे आकडेच नाचत होते, आणि धर्माजी लेखाबद्दलच विचारताहेत असं त्यांनी गृहीत धरलं.

“धर्माजी, सगळं आत आहे,” त्या मायेने म्हणाल्या. “जसंच्या तसं. उलट आता वाळवी नाही लागणार, कोणी ब्लेड नाही मारणार. मी स्वतः पाहिलंय.”

“जसाच्या तसा?”

“जसंच्या तसं. कधीही म्हणा, उघडून दाखवीन.”

धर्माजींनी मान हलवली. बाईंचा शब्द म्हणजे दाखल क्रमांकासारखा, एकदा लिहिला की लिहिला. ते खंड घेऊन जिना उतरून गेले. त्यांना परत यायला एरवीपेक्षा जरा वेळ लागला.

मार्चमध्ये, शिमग्याच्या चार दिवस आधी, ते बायकोला, सरूबाईंना, घेऊन आले. सरूबाई धुवट लुगडं नेसून आल्या होत्या आणि लायब्ररीच्या दारात त्यांनी चपला काढल्या. धर्माजी आज सुटीवर होते, तरी सवयीने त्यांनी वाटेतली खुर्ची आत सरकवली.

“बाई, हिला दाखवायचाय.”

बाईंना मनापासून आनंद झाला. त्यांनी दोघांना शेजारी बसवलं, लेखकाच्या चौकटीत आडनाव टाइप केलं, मग दोन अक्षरं. एक ओळ आली.

“यो तिचा?” सरूबाईंनी विचारलं.

“मंग? बग, यो एस म्हंजे संजना. यो डी म्हंजे मी.”

“तुमी येवडंसंच? निस्ता डी?” सरूबाई तोंडाला पदर लावून हसल्या.

“भाईर येवडासाच. आत पूर्ण हाय, तिच्या हातचा. बाई, तो पान काढा ना.”

बाईंचा हात तिथेच थांबला.

मग त्यांनी लेख उघडला, कारण उघडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पहिलं पान हळूहळू वरून खाली उतरत आलं. मथळा आला, शशिकांत सरांचं नाव आलं, तिचं आलं. अक्षरं स्वच्छ, कागद पांढराफेक. डावीकडचा समासही पांढराफेक. ही प्रत कुठल्याशा दूरच्या कचेरीतल्या कपाटातून काढून यंत्राखाली ठेवलेली होती. तिला भाईंदर ठाऊक नव्हतं. इतक्या महिन्यांत बाईंनी मुलांना डेटाबेसबद्दल सगळं शिकवलं होतं, पण हे साधं कोणालाच सांगितलं नव्हतं, की आत आहे ते ‘तेच’ पुस्तक नव्हे, ‘तसंच’ दुसरं आहे. त्यांच्या स्वतःच्या ध्यानातही ते आत्ता आलं.

“हितं,” धर्माजींनी काचेवर डावीकडे बोट ठेवलं. “हितं व्हती.”

सरूबाईंनी डोळे बारीक करून त्या जागी पाहिलं.

“आज नेट फार हळू आहे, धर्माजी,” बाई म्हणाल्या. “पान पूर्ण उघडत नाहीये.”

“आसू दे, बाई. पुन्ना येऊ.” ते उठले. सरूबाईंनी जाताना पडद्याच्या कोपऱ्याला बोटं लावून ती कपाळाला लावली.

त्या दिवसापासून आठ दिवस मनोरमाबाईंनी जे केलं ते घरीही कोणाला सांगितलं नाही. नवऱ्याने दोनदा विचारलं, “कुठे भटकतेयस उन्हाची?” तर म्हणाल्या, लायब्ररीचं काम आहे. ते खोटं नव्हतं.

आधी त्या स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडे गेल्या. त्याने काशीमीऱ्याच्या गोदामाचा पत्ता दिला. त्या नाक्यावर रिक्षातून उतरल्या तेव्हा त्यांना कोणता रस्ता तो हे कळलं, आणि ट्रकांची रांग जाईपर्यंत त्या कडेला बराच वेळ उभ्या राहिल्या. गोदामात गठ्ठ्यांवर बसून डबा खाणाऱ्या माणसाने विचारलं, “कब का माल, मॅडम?”

“दिवाली का. मोटी किताबें थीं. हरी जिल्द.”

त्याने घास हातातच ठेवून त्यांच्याकडे नीट पाहिलं. बहुधा त्यांचा चेहरा पाहूनच तो सौम्यपणे बोलला. “दिवाली का तो वापी गया, मॅडम. उसका अब तक पुठ्ठा बन गया होगा. आपका कुछ रह गया था अंदर?”

“हाँ,” बाई म्हणाल्या. “रह गया था.”

मग त्या मुंबईतल्या एका मोठ्या लायब्ररीत गेल्या. तो अंक तिथे होता. पान उघडलं. समास कोराच असणार हे ठाऊक असूनही त्यांनी उघडून पाहिला. तरी लेखाची झेरॉक्स करून घेतली. कॉलेजात परत येऊन, मुलं स्वतःच्या हाताने नाव लिहीत ती जुनी सभासद कार्डं कुठे राहिली असतील म्हणून माळ्यावरचे खोके उपसले. बारकोड आले त्या वर्षीच ती जाळली होती. त्यांच्याच सहीने. शेवटी त्यांनी दाखलनोंदीचं रजिस्टर काढलं. त्या खंडाच्या ओळीवर लाल रेघ होती आणि पुढे त्यांच्याच नीटनेटक्या अक्षरात शेरा: ‘रद्द. संगणकावर उपलब्ध.’

नवव्या दिवशी, दुपारी हॉल रिकामा असताना, त्यांनी धर्माजींना बोलावून समोर बसवलं. तेवीस वर्षांत ते त्यांच्यासमोर असे खुर्चीवर बसले नव्हते.

“धर्माजी, मी तुमच्याशी खोटं बोलले. त्या दिवशी नेट हळू नव्हतं. सही आत नाहीये.”

धर्माजींनी वळून संगणकांच्या भिंतीकडे पाहिलं.

“संगणकात आपला खंड नाही. दुसऱ्या कोणाचा आहे. मला कळायला हवं होतं. मीच तिला पेन दिलं होतं, मीच बाइंडरला चिठ्ठी पाठवली होती, आणि मीच… तुम्ही विचारायला आलात तेव्हा नुसतं एकदा पान उघडून पाहिलं असतं तर…”

“मी पाह्यलेला, बाई.”

“काय?”

“खाली. जिन्याखाली. टेम्पोत टाकायच्या आदी उघडला. सही व्हती.” ते हातातल्या फडक्याची घडी करत होते, मोडत होते. “मनात आला, येवडा पान काढून घ्यावा. ब्लेड व्हता खिशात, सुतळी कापाया आनलेला. बाई बोलल्या आत हाय, पन आसू दे आपल्याजवल बी येक. ब्लेड लावला बी.”

“मग?”

“मंग हात चालंना. जलमभर पोरांना दम दिला, पान फाडायचा न्हाय. आनी मीच कसा फाडू?”

“अहो, पण तो रद्दीत चालला होता! शिक्का बसला होता त्याच्यावर!” बाईंचा आवाज हॉलभर घुमला, जिथे त्या कधी मोठ्याने बोलल्या नव्हत्या. “पान कशाला, मी अख्खा खंड दिला असता तुम्हाला घरी न्यायला! एका शब्दाने मागायचं तरी!”

“तुमीच पैल्या दिवशी सांगलेला ना, बाई. लायब्ररीचा कागूद घरी न्यायचा न्हाय.”

ते तक्रार म्हणून बोलले नव्हते. नियम होता तो सांगितला, इतकंच. बाईंनी कपाळ दोन्ही हातांत धरलं. खाली तास संपल्याची घंटा झाली, मुलं जिन्यावरून धडधडत गेली, पण वर कोणी आलं नाही. धर्माजी उठले, माठातलं पाणी ग्लासात घेऊन आले आणि त्यांच्यापुढे ठेवलं.

“प्या. तुमचा काय दोस न्हाय.”

दोष कोणाचा ते बाईंना चांगलं माहीत होतं. पण त्यांनी पाणी घेतलं. मग खणातून ती झेरॉक्स काढून त्यांच्यापुढे सरकवली. “एवढंच आणता आलं. त्यात तुम्ही सांगितलेली सतरा नावं आहेत. इंग्रजी अक्षरांत आहेत, पण आपलीच आहेत. मी वाचून दाखवीन सरूबाईंना.”

धर्माजींनी पहिलं पान जवळ ओढलं. डावीकडच्या कोऱ्या जागेवर अंगठा फिरवला.

“यो कागूद लायब्ररीचा हाय का?”

“नाही. तुमचा आहे. याला दाखल क्रमांक नाही.”

“यावर लिवला तं चालंल?”

“चालेल.” बाईंनी आपलं शाईचं पेन उघडून त्यांच्या हातात दिलं. तेच पेन होतं. त्यांनी ते सांगितलं नाही, पण धर्माजींनी टोपणावरचा ओरखडा पाहून ओळखलं असावं.

त्यांनी पेन समासावर आणलं. बसल्याबसल्या जरा पुढे वाकले, जीभ दातांत धरली, जशी चौथीतली मुलं धरतात. शाईचा थेंब निबच्या टोकाला येऊन थांबला. पंखा गरगरत होता. बाई बघत होत्या, आणि मनातल्या मनात ते नाव गोल अक्षरात लिहीत होत्या.

बऱ्याच वेळाने धर्माजींनी पेन मागे घेतलं. थेंब फडक्याला टिपला, टोपण लावलं, पेन बाईंच्या टेबलावर आडवं ठेवलं.

“न्हाय बाई,” ते म्हणाले. “माजा अक्षर तिच्यावानी न्हाय.”

त्यांनी कागदांची घडी घालून खिशात ठेवली, खुर्ची जागेवर सरकवली आणि फडकं घेऊन संगणकांच्या भिंतीकडे गेले. एकेक पडदा पुसत गेले, वरून खाली, जसे ते खंडांच्या पाठी पुसत असत.